मी पास झाले की विभाग बंद

स्केलथॉर्प,
गुरुवार रात्र, जेवणाची भांडी तशीच ठेवून

थेल्मा,

मी नापास व्हावं म्हणून दोन डॉक्टरेट झालेली माणसं नाताळपासून धडपडताहेत, आणि मी ताबडतोब पास व्हावं म्हणून बाकीचं अख्खं विद्यापीठ माझ्या पाठी लागलंय, आणि मला स्वतःला काय हवंय ते विचारायला कोणाला सवड नाही. शाळेत प्रॉक्टरबाईंनी मला वर्गाबाहेर काढलं ती मी थेट बिस्किटांच्या कारखान्यातच कामाला लागले, तेव्हापासून माझ्या पास-नापासाची इतकी काळजी कोणी केली नव्हती. आता करताहेत तीही माझ्यासाठी नाही. मी पास झाले की मध्ययुगीन इतिहासाचा विभाग बंद. वर्गात माझ्यामागे दुसरं मूल नाही. मी शेवटची. एकाच दाराला आतून दोघं टेकून उभे आहेत, बाहेरून सगळे ढकलताहेत, आणि फटीत माझी बोटं.

असो. तू मोठी बहीण, तेव्हा आधी रीतीचं विचारते. तुझा गुडघा कसा आहे? स्पेनच्या उन्हाने बरा झाला की नुसता काळा झाला? इथे मार्च संपत आला तरी मी आतून लोकरीचं घालते. नवऱ्याचं म्हणशील तर नेव्ह बरा आहे. अजून विद्यापीठाच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि गाड्यांसाठी तो दांडा वर-खाली करतो (हल्ली गाड्या इतक्या कमी झाल्यात की दोन गाड्यांच्या मध्ये त्याची झोप होते). माझी शाळेतली नोकरी चालू आहे. मुलांच्या ताटात मटार वाढते, मुलं ते परत आणून देतात. तू आनंदात असशीलच. तू नेहमीच असतेस, तोच तर तुझा दोष आहे.

आता तू म्हणशील, या वयात तुला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? म्हणशील कशाला, म्हणालीच होतीस, सहा वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या देखत, की पदवीचा झगा घालून लोरेन आता मटार वाढणार का. तेव्हा मी गप्प बसले कारण तोंडात केक होता. पण मी काही आपणहून गेले नव्हते. सरकारने विद्यापीठांना दम दिला होता की ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशी माणसं आणा. तेव्हा विद्यापीठाची दोन माणसं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आली, फुकटची पेनं आणि कापडी पिशव्या घेऊन. आपल्या घराण्यात पायरी चढलेलं कोणी आहे का विचारलं. मी म्हटलं, बाबा चढले होते, गिलावा करायला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव घेतलं. मला आधी एक वर्ष पायाभरणीचं करायला लावलं, मग विचारलं विषय कोणता. संध्याकाळी दोनच होते, व्यवसाय नाहीतर मध्ययुगीन इतिहास. नेव्हच्या भावाने व्यवसाय केला आणि त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. म्हणून इतिहास. त्यानंतर वर्षभर माझा फोटो नऊ नंबरच्या बसच्या पाठीवर होता, "आता माझी वेळ" असं लिहून, आणि धुराचं नळकांडं बरोबर माझ्या हनुवटीखाली.

तेव्हा आम्ही वर्गात बरीच होतो आणि शिकवणारे आठ. मग दिवस फिरले. इथल्या पोरांची फी सरकारने वर्षानुवर्षं तीच ठेवली, पाव महागला, वीज महागली, पण फी हलली नाही. तो खड्डा विद्यापीठ बाहेरदेशच्या पोरांच्या फीने भरत होतं. मग त्याच सरकारने व्हिसा आवळले, बायकामुलं आणायची नाहीत म्हणाले, आणि ती पोरं गेली दुसऱ्या देशांत. (आमच्या गल्लीतल्या चार घरांत भाडेकरू होते, आता चारही खिडक्यांत पाट्या आहेत.) तेव्हा कुलगुरूंनी बाहेरून सल्लागार बोलावले. सल्लागारांनी सांगितलं की पैसा वाचवायला एक नवीन खातं उघडा. त्याचं नाव परिवर्तन. त्याचा संचालक गॅव्हिन स्टॉट. बाकीची खाती एकेक करून बंद झाली, परिवर्तन मात्र दर वर्षी एक मजला वाढतं.

आमचा विभाग बंद करायचं ठरल्यावर त्यांनी आमचं मत घेतलं. आधी ठरवतात आणि मग मत घेतात, तशीच पद्धत आहे. पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाले, मनात येईल ते लिहा आणि भिंतीला चिकटवा. मी जे लिहिलं ते त्यांनी चिकटवलं नाही. आठांतले सहा स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले (त्यात स्वेच्छा किती होती ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं). पूर्णवेळ पोरं आपापली पदवी घेऊन गेली. मी पडले अर्धवेळची, म्हणून उरले. आणि नियम असा आहे, थेल्मा, की एकदा घेतलेलं मूल शेवटपर्यंत शिकवलंच पाहिजे, मधेच सोडता येत नाही. वरून तपासायला माणसं बसवलीत. मी मूल. माझ्यासाठी एक प्राध्यापक, एक डॉक्टर आणि एक तीन मजली इमारत चालू आहे.

एकटीचा वर्ग म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. मागच्या बाकावर बसायची सोय नाही. मागचं बाक आहे, पण मी तिथे बसले तर ते उठून माझ्याजवळ येतात. जांभई दिली की निम्मा वर्ग कंटाळला असं होतं, कारण उरलेला निम्माही मीच. चर्चा असते तेव्हा मी एक मत मांडायचं, आणि मग "याला कोणी विरोध करील का" असं विचारून ते दोघं माझ्याकडेच बघतात. गटाने करायचं एक काम होतं, ते मी गटाने केलं, आणि शेवटी गटातल्या इतरांनी कामं नीट केली का हे लिहायचं होतं, तिथे मी लिहिलं की इतरांनी फार आळस केला. उत्तरपत्रिकेवर नाव घालायचं नाही, नंबर घालायचा, तपासणाऱ्याला कोणाची ते कळू नये म्हणून. प्राध्यापक ओल्डरॉइड तपासून आले आणि म्हणाले, या खेपेला वर्गात कोणीतरी प्लेगवर फार छान लिहिलंय, कोण ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, मला अंदाज आहे. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी मीच. बैठकीत मी म्हटलं चहा बरा आहे पण खोली गार आहे, तर इतिवृत्तात आलं की विद्यार्थ्यांमध्ये दोन मतप्रवाह आढळून आले. आणि वर्षअखेरीस विद्यार्थी खूश आहेत का याची सगळ्या देशात पाहणी होते, तीत माझं मत छापलं नाही, कारण इतक्या कमी मुलांचं छापलं तर मूल ओळखू येईल म्हणे. इथे नेव्हच्या गेटापासून ग्रंथालयापर्यंत मला ओळखत नाही असं एक कबूतर दाखव.

आता उरलाय फक्त प्रबंध. माझा विषय आहे हॅवर्बीच्या नऊ जोगिणींचा मठ, जो आठव्या हेन्रीच्या माणसांनी बंद केला. आली, भांडी मोजली, बायका थोड्या आहेत आणि खर्च फार आहे असं लिहिलं, छपराचं शिसं काढून विकलं आणि गेली. (स्टॉटला मी हे सांगितलं तर म्हणाला, फारच रंजक. त्यांच्यात रंजक म्हणजे पुरे करा.) तो प्रबंध फेब्रुवारीतच लिहून झाला. त्यांच्या यंत्रात घालून पाहिला, दुसऱ्या यंत्राने लिहिलाय का ते बघायला. यंत्र म्हणालं की असं कुठलंच यंत्र लिहिणार नाही. म्हणजे द्यायला काही हरकत नाही. पण देऊ देतील तर ना.

ओल्डरॉइड हे सभ्य गृहस्थ आहेत, निवृत्तीला टेकलेत, त्यांचा कोट माझ्या लग्नाच्या आधीचा असावा. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की लोरेन, जरा उशीर करा. आपल्याकडे सभ्य माणूस असं म्हणत नाही. ते नुसतं म्हणतात, अहो लिंकनला एक पेटी आहे, ती बघितल्याशिवाय दिलात तर मनाला रुखरुख राहील. लिंकनची पेटी बघून आले तर यॉर्कला एक. यॉर्कहून आले तर म्हणाले, तुमची तिसऱ्या प्रकरणाची प्रत माझ्याकडून कुठेतरी ठेवली गेली. मी दुसरी प्रत दिली. तीही ठेवली गेली. पाचवी दिली तेव्हा त्यांनाच लाज वाटली आणि म्हणाले, तुमचं स्वल्पविरामांचं काहीतरी बघायला हवं. मी दोन रविवार स्वल्पविराम बघत बसले.

आणि या बाजूला स्टॉट. त्याने माझ्यासाठी एक यश-सोबती नेमली. ती दर सोमवारी फोन करून विचारते की तुमच्या प्रवासाबद्दल तुम्हाला काय वाटतंय. कसला प्रवास, मी घरीच असते. ग्रंथालयात माझ्या नावाची खुर्ची, खुर्चीला गादी. तेवढ्यानेही काम होईना तेव्हा तो स्वतः आमच्या शाळेत आला, ऐन जेवणाच्या वेळी. आत यायचं तर केसांना जाळी लावावी लागते. त्याला केस नाहीत, पण नियम तो नियम, मी लावायला लावली. जाळी घालून कस्टर्डच्या पातेल्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला,

"लोरेन, रागावू नका, पण तुम्ही या जिल्ह्यातल्या सगळ्यात महाग विद्यार्थिनी आहात. तुमच्या एकटीसाठी आम्ही एक इमारत तापवतोय."

"तापवता कुठे? कोट घालून बसते मी."

"तुम्ही ईस्टरनंतर प्रबंध दिलात तर सगळेच सुटतील. तुम्हीसुद्धा."

त्याला कस्टर्ड दिलं. माणूस भुकेला होता. खाता खाता त्याने सगळं सांगितलं, फी, व्हिसा, बँक, आणखी किती विद्यापीठं अशीच टेकीला आलीत ते, आणि इमारतीचा सौदा झालाय, तिथे विद्यार्थ्यांसाठी फ्लॅट होणार. कुठले विद्यार्थी ते मी विचारलं नाही. खरं सांगू का, तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर पातेलं ओतलं असतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं ते मला सुचत नाही, म्हणून ते जास्तच लागतं बघ मनाला.

आता दुसरं माणूस. डॉक्टर एलिफ काराजा. इझमिरची पोर आहे, जुनी अक्षरं वाचायला शिकवते, सायकलवर फिरते, आणि मी शाळेतून उरलेलं कस्टर्ड नेते ते चाटूनपुसून खाते (तुर्कस्तानात ते नसावं). तिच्या व्हिसाची गाठ या नोकरीशी आहे. इथे कायमचं राहायला मिळायला ठरावीक वर्षं नोकरीत भरावी लागतात, तिची पुढच्या फेब्रुवारीत भरतात. मी ईस्टरनंतर प्रबंध दिला तर विभाग जुलैत मिटतो, नोकरी जाते, आणि महिना-दोन महिन्यांत तिला बाडबिस्तरा बांधून जावं लागतं. हे तिने मला सांगितलं नाही. हे मला नेव्हने सांगितलं. गेटवर सगळं कळतं.

मग आज संध्याकाळी मी वर्गात पिशवी आपटली आणि म्हटलं, मला नापास करायचं असेल तर सरळ करा, हे पेट्या दाखवणं पुरे झालं. ओल्डरॉइड खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, पाऊस येईलसं दिसतंय. एलिफने वही मिटली.

"लोरेन, तुम्ही प्रबंध देऊन टाका. तुमचा आहे, तुम्ही लिहिलाय. आमच्यासाठी थांबलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. माझी आई तिकडे आहे, तिला आनंद होईल."

"आईचं नाही विचारलं मी."

तिने वही पिशवीत घातली. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी कस्टर्ड आणाल ना?"

हॅवर्बीच्या जोगिणींना हेन्रीने निदान पेन्शन दिली होती. हे मी तिथे मोठ्याने म्हटलं. ओल्डरॉइड म्हणाले, ते वाक्य प्रबंधात घाला. मी म्हटलं, घातलेलंच आहे, तुम्ही ते प्रकरण हरवलंत.

तर सांगायचं हे की मी आता कोणाचं ऐकणार नाही. सहा वर्षं मटाराच्या हातांनी लॅटिन नावं लिहिली, ती काही लोकांच्या सोयीसाठी नाही. मी प्रबंध देणार, पास होणार, जुलैत नगरभवनात झगा घालून व्यासपीठावर जाणार. पाहुण्यांचे दोन पास मिळतात, एक नेव्हचा आणि एक तुझा. माझी पोर म्हणते ती बाहेर पडद्यावर बघेल. तू ये. हिरवी टोपी नको, तिच्यामागे बसलेल्यांना काही दिसत नाही. आणि तो मटारांचा विनोद केलास म्हणून माफी मागितली नाहीस तरी चालेल, नुसती पुढच्या रांगेत बस आणि माझ्याकडे बघ.

गुडघ्याला जप, आणि आमची आठवण येते का तेही कधीतरी लिही.

तुझी धाकटी,
लोरेन

ता. क. आज रविवार. वरचं सगळं मी गुरुवारी रात्री लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. शुक्रवारी प्रबंध घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "द्यायचाय की वर्षभर स्थगित ठेवायचंय?" मी तोंड उघडलं ते "देते" म्हणायला, आणि बाहेर आलं "स्थगित". एलिफची दया आली वगैरे समजू नकोस. त्या खुर्चीला गादी आहे, ती मला आवडते. पण मुलगी म्हणाली, कारण लागेल. आजार असेल तर डॉक्टरचा दाखला, नाहीतर रक्ताचं किंवा लग्नाचं जवळचं माणूस गेलेलं असलं पाहिजे. आई आणि बाबा खरोखरच या सहा वर्षांत गेले, ते दोघं आधीच वापरून झालेत. नेव्हला मारता येत नाही, तो रोज सकाळी सगळ्यांना गेटवर दिसतो. पोरीचं तसलं तोंडातून काढवेना. उरलीस तू. तेव्हा तू गेल्या मंगळवारी गेलीस. झोपेत. काही त्रास झाला नाही, ते मी मुद्दाम सांगितलं.

आणखी ता. क. लोक फार चांगले वागले. ओल्डरॉइडनी हाताने लिहिलेलं कार्ड दिलं, त्यात तू खंबीर स्त्री होतीस असं आहे (मी काही सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं). एलिफ माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तिला खरं सांगणं शक्य नाही, कारण त्या पोरीला खोटं बोलता येत नाही आणि सगळं बाहेर पडेल. तिच्या रडण्याने मला रात्रभर झोप नाही. परिवर्तन खात्याकडून एक कुंडी आली. नेव्ह गेटवर सांत्वन घेतोय, आणि तुझं नि त्याचं कधी पटलं नाही हे धरलं तर बराच रडतो. आता हे मोडायचं म्हणजे किती जणांना दुखवायचं ते तूच बघ. मी काही तुला पुन्हा मारणार नाही, एवढं एक वर्ष. फेब्रुवारीत एलिफचं काम झालं की मी प्रबंध देते, आणि पुढच्या जुलैत तू समारंभाला ये, मावसबहीण म्हणून.

शेवटचं ता. क., आणि पत्र लिहिलं ते यासाठी. ज्या मंडळाने हे मंजूर करायचं ते पुढच्या शुक्रवारी बसतंय आणि त्यांना तुझ्या मृत्यूचा कागद हवा. घाबरू नकोस. कागद स्पॅनिशमध्ये असणार हे त्यांनीही धरलंय, आणि स्पॅनिशचा विभाग त्यांनी गेल्याच्या गेल्या वर्षी बंद केला. फ्रेंचचा त्याच्या आधी. तिथे आता ती भाषा वाचणारा एक माणूस उरलेला नाही, आणि बाहेरून भाषांतर करून घ्यायचं तर खर्चाला स्टॉटची सही लागते, आणि खर्च बंद आहेत. तेव्हा तुझं नाव आणि गोल शिक्का असलेला कुठलाही कागद चालेल. पाणीपट्टी चालेल. कुत्र्याच्या लशीचा दाखला असेल तर उत्तम, फक्त वर कुत्र्याचं चित्र नको. शेजारची डोरीन उद्या तुमच्याकडे सुट्टीला येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतेय (फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस), आणि ती पुढच्या गुरुवारी परत निघते. तोवर बिंगो खेळतानाचे फोटो कुठे टाकू नकोस. कागद आला तर तू गेलीस असं धरीन. नाही आला तर शुक्रवारी मंडळापुढे उभं राहून तू परत आलीस हे मला सांगावं लागेल, आणि त्यासाठी त्यांच्या अर्जात रकाना नाही. तेव्हा उगाच विचार करत बसू नकोस, गुरुवारपर्यंत डोरीनपाशी एकदा काय ते सांगून टाक: आहेस की गेलीस.